ग्रीक मूर्तींच्या छायाचित्राखाली दात्याचे नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत प्राचीन ग्रीक शिल्पांवर आलेल्या लेखासोबत डेलोस बेटावरच्या एका उंच, सपाट संगमरवरी स्त्रीमूर्तीचे छायाचित्र आहे. त्याखाली 'देवी आर्टेमिस, इ.स.पू. सातवे शतक' अशी ओळ आहे आणि मजकुरात या मूर्तीला 'बाल्यावस्थेतील कलेचा ताठर नमुना' म्हटले आहे. शतक बरोबर आहे. बाकी दोन्ही विधाने जशीच्या तशी सोडून देता येत नाहीत. डिसेंबर २०२३ पासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पे शेजारी शेजारी मांडली होती. ती पाहिलेल्या वाचकाला 'देवी' एवढ्या एका शब्दावर समाधान मानायला सांगणे बरे नाही.

ही मूर्ती कोणी दिली, कोणाला दिली, हे तिच्या अंगावरच कोरलेले आहे. घागऱ्यासारख्या सरळ वस्त्राच्या डाव्या बाजूला हेक्झामीटर या ग्रीक महाकाव्यांच्या वृत्तातले तीन चरण आहेत. अक्षरांची ओळ एका दिशेने जाते आणि शेताच्या कडेला बैल वळावा तशी उलटी फिरते. मथितार्थ असा: निकान्द्रेने मला दूरवर बाण सोडणाऱ्या देवीला (म्हणजे आर्टेमिसला) वाहिले, ती नाक्सोस बेटाच्या देइनोदिकेसची मुलगी, इतर स्त्रियांत श्रेष्ठ, देइनोमेनेसची बहीण, फ्राक्सोसची बायको. घडवणाऱ्याचे नाव नाही, खर्च किती आला ते नाही, देवीकडे काय मागितले होते तेही नाही. बाप, भाऊ आणि नवरा मात्र तिघेही आहेत. इ.स.पू. ६५० च्या सुमारास एका स्त्रीने दिलेले हे दान माणसाच्या पूर्ण उंचीच्या ग्रीक संगमरवरी मूर्तींपैकी आपल्यापर्यंत पोचलेल्या अगदी पहिल्या मूर्तींत मोडते. १८७८ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञ तेओफिल ओमोल यांना ती डेलोसवर आर्टेमिसच्या पवित्र आवारात मिळाली.

मग ही आहे कोण? दोन्ही मुठींत छिद्रे पाडलेली आहेत. त्यांत धातूचे काहीतरी बसवलेले होते. ते धनुष्यबाण असतील तर ही आर्टेमिस. फूल किंवा माळ असेल तर नटूनथटून देवीसमोर उभी राहिलेली एखादी तरुणी. धातू केव्हाच गेला आणि चेहऱ्याचा दगड इतका झिजला आहे की त्यावरून काही ठरवता येत नाही. म्हणून 'देवी आर्टेमिस' असे ठासून लिहिता येत नाही. 'निकान्द्रेने आर्टेमिसला वाहिलेली मूर्ती' हे मात्र डोळे मिटून लिहिता येते. आपल्या छायाचित्राखाली नेमकी तीच माहिती गाळली गेली.

हा एका ओळीचा तपशील वाटेल, पण या काळातल्या दगडी मूर्तींचे सगळे गणित त्यावर उभे आहे. ग्रीक लोक ज्या मूर्तीची पूजा करत, ती बहुधा जुनी, लाकडी आणि मंदिराच्या आत असे. अथेन्सच्या अक्रॉपोलिस टेकडीवर अथीना देवीची पूजामूर्ती ऑलिव्हच्या लाकडाची होती आणि तिला नवे वस्त्र चढवण्याचा मोठा उत्सव होत असे. सामोस बेटावरच्या हेरा देवीचीही पूजामूर्ती लाकडीच, तिच्या कपड्यांची यादी असलेला शिलालेख मिळाला आहे. दगडी मूर्ती बाहेर, उघड्या आवारात, वेदीकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला उभ्या असत. आपण ज्याला नवस फेडणे म्हणतो त्यातल्या त्या वस्तू. काही नवसाच्या, काही पहिल्या कमाईतून काढलेल्या, काही उत्पन्नाच्या दशांशातून.

अक्रॉपोलिसवरच्या एका बैठकीवरचा लेख या बाबतीत फार बोलका आहे. नाउलोखोस नावाच्या माणसाने 'ही कुमारी' (ग्रीकमध्ये कोरे, म्हणजे तरुणीची मूर्ती) वाहिली ती समुद्रात मिळालेल्या घबाडातून, आणि ते घबाड सोन्याच्या त्रिशूळवाल्या समुद्रराजाने, म्हणजे पोसायडनने दिले, असे तो सांगतो. देणारा पुरुष, कमाई पोसायडनच्या कृपेची, मूर्ती तरुणीची आणि जागा अथीनाच्या टेकडीवरची! यात मूर्तीचा चेहरा कोणाचा, हा प्रश्न बहुधा नाउलोखोसच्याही मनात आला नसेल. देवतेला आवडेल अशी देखणी वस्तू द्यायची होती, ती त्याने दिली. त्याच टेकडीवर स्मिकुथे नावाच्या धोबिणीनेही आपला दशांश वाहिल्याचा लेख आहे. दान फक्त सरदार घराण्यांतूनच येत होते, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

सामोसच्या हेरा-मंदिरात तर देवीला वाहिलेले दगडी तरुण पुरुषही आहेत. १९८० साली तिथे निघालेला पुतळा पावणेपाच मीटरच्या आसपास उंच आहे आणि ऱ्हेसिसचा मुलगा इस्खेस याने तो वाहिल्याचे मांडीवर कोरले आहे. त्याच मंदिराकडे जाणाऱ्या पवित्र मार्गावर सहा मीटरच्या लांब बैठकीवर एक आख्खे कुटुंब उभे केले होते: एका टोकाला बसलेली फिलेइया, दुसऱ्या टोकाला पहुडलेली आकृती, मध्ये उभी मुले. फिलिप्पे आणि ओर्निथे ही मुलींची नावे त्यांच्या वस्त्रांवरच कोरलेली आहेत आणि घडवणाऱ्याने, गेनेलेओसने, सहीसुद्धा केली आहे. यातल्या कोणालाही देवी म्हणायची सोय नाही. खेरामुएस नावाच्या दात्याने तर याच आवारात निदान तीन तरुणींच्या मूर्ती दिल्या. त्यांतली १८७५ साली सापडलेली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेली, डोके नाही तरी १.९२ मीटर भरते. तिची जवळजवळ जुळी बहीण १९८४ साली निघाली आणि सामोसवरच राहिली. तिसरी, हातात ससा धरलेली, बर्लिनला आहे. लूव्रमधल्या मूर्तीला कितीतरी वर्षे 'सामोसची हेरा' असेच म्हटले जात होते आणि अजूनही काही पुस्तकांत तेच नाव छापले जाते. एकसारख्या मूर्ती निघाल्यावर तरी ते थांबायला हवे होते.

कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्यांनी, खांब दान दिल्याचे लेख आहेत. काळ कितीतरी शतके पुढचा, धर्म वेगळा, पण ओळीची घडण ओळखीची: कोण, कुठला, काय दिले. तो खांब यवनाचे चित्र आहे, असे कोणी म्हणत नाही.

आता 'ताठर' या शेऱ्याविषयी. निकान्द्रेची मूर्ती पायाखालच्या पीठाखेरीज सुमारे १.७५ मीटर उंच आहे आणि जाडीला २० सेंटिमीटरांच्या आत. समोरून भरीव बाई, बाजूने फळी. या पातळपणाचे एक कारण वजनात आहे. पीठासह उंची २ मीटर, रुंदी ५५ सेंटिमीटर आणि जाडी २५ सेंटिमीटर असा ठोकळा धरा. संगमरवराचा घनमीटर सुमारे २.७ टन भरतो, म्हणजे ठोकळा साधारण ७५० किलोंचा. हात कोपरात वाकवून पुढे काढायचा तर ठोकळ्याची जाडी आणखी २५ सेंटिमीटर हवी. वजन थेट दुप्पट, दीड टन, आणि त्यातला बहुतेक दगड तुकडे करून फेकायचा. हा सगळा माल नाक्सोसच्या डोंगरातून किनाऱ्यावर आणि तिथून होडीने डेलोसला न्यायचा होता. हात अंगाला चिकटून आहेत ते घडवणाऱ्याला कोपर येत नव्हते म्हणून, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हा हिशेब करावा.

दुसरे कारण हत्यारांत आणि दगडाच्या स्वभावात आहे. त्याआधी क्रीटमध्ये आणि इतरत्र मऊ चुनखडकात काम होत होते. चुनखडक ताजा असताना सुतारकामाच्या हत्यारांनीही तासता येतो. नाक्सोसचा संगमरवर मोठ्या स्फटिकांचा. तो तासला जात नाही, ठोकून फोडावा लागतो. टोकदार टाकी दगडाला जवळजवळ काटकोनात धरून घाव घालायचे, एक थर सगळ्या बाजूंनी उतरवायचा, मग पुढचा थर. घाव सरळ बसला की टोकाखालचे स्फटिक काही मिलिमीटर खोलवर चिरडतात आणि तिथे पांढरा ठिपका पडतो. नंतर कितीही घासले तरी तो ठिपका जात नाही, त्याच्याखालपर्यंतचा सगळा दगड उतरवावा लागतो. म्हणून शेवटच्या थरासाठी पुरेशी जाडी शिल्लक ठेवायची. ती ठेवायला विसरले तर नाकावर डाग राहतो किंवा डाग घालवता घालवता नाकच बसते. शेवटचा हात कुरुंदाचा. नाक्सोसवर कुरुंद डोंगरातच मिळतो, त्यामुळे घासाईचे साहित्य आणि दगड एकाच बेटावर होते; संगमरवरी मूर्तिकाम याच बेटावर लवकर रुजण्यामागे हे एक साधे कारण आहे. कडा सफाईने ओढायला उपयोगी पडणारी दातेरी छिन्नी सहाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकाच्या आसपास वापरात आली, निकान्द्रेनंतर पाऊण शतकाने. सामत्याने ओळीने भोके पाडून वस्त्राच्या खोल चुण्या काढण्याची पद्धत रुळायलाही तितकाच वेळ गेला.

आखणी ठोकळ्याच्या बाजूंवर होत असे: समोर समोरची आकृती, बाजूला बाजूची. दोन्हीकडून आत यायचे आणि मध्ये गाठ घालायची. त्यामुळे या मूर्ती समोरून आणि बाजूने पटतात, तिरप्या कोनातून मात्र कडा जाणवते. इजिप्तच्या कारागिरीशी ग्रीकांची ओळख याच सुमारास वाढत होती आणि आखणीची ही रीत तिकडून आली असावी, हे लेखातले म्हणणे मान्य. पण इजिप्तच्या उभ्या दगडी मूर्तींना पाठीशी आधाराचा खांब असतो, पायांमधला दगडही बहुधा तसाच ठेवलेला असतो. ग्रीकांनी पाठीचा तो खांब पहिल्यापासूनच काढून टाकला. नक्कल करणारा माणूस सहसा आधार टाकत नाही.

फसलेली कामे नाक्सोसवरच पाहायला मिळतात. वजन कमी व्हावे म्हणून पुतळा खाणीतच ढोबळ रूपात आणायचा आणि मग हलवायचा, ही रीत होती. दगडात शीर असेल तर ती ठोकताना तिथेच उघडी पडते, किनाऱ्यावर नेल्यावर उघडी पडण्यापेक्षा ते स्वस्त. अपोलोनास गावाजवळ साडेदहा मीटरांहून मोठा दाढीवाला पुतळा अजून खाणीत आडवा आहे. फ्लेरिओच्या दरीत दुसरा आहे, पाय तुटलेला. असा पाय तुटला की त्याला जोड लावून देवाला देण्यात अर्थ नव्हता. घोट्यावर सगळा भार येतो. स्त्रीमूर्तींना हा धोका कमी, कारण वस्त्र पावलांपर्यंत सलग उतरते आणि खालचा भाग खांबासारखा भरीव राहतो.

पुढच्या शतकात हात पुढे आलाच, पण वेगळा तुकडा जोडून. अक्रॉपोलिसवरची इ.स.पू. ५३० च्या सुमाराची 'पेप्लोस' या वस्त्राच्या नावाने ओळखली जाणारी मूर्ती सुमारे १.२ मीटर उंच आणि पारोस बेटाच्या बारीक कणांच्या संगमरवराची आहे. तिच्या डाव्या कोपराशी चौकोनी खोबण दिसते. हाताचा पुढचा भाग वेगळा घडवून त्याची खुंटी या खोबणीत बसवली होती. संगमरवर दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून आडवा निघालेला हात नेहमी कोपराशीच जातो. अर्पणाची वस्तू, फळ किंवा पक्षी, त्याच हातात असे, आणि हात गेला की मूर्ती कोण होती हा प्रश्नही सोबत अनुत्तरित राहतो. कानातली, मुकुट, केसांतले अलंकार धातूचे; त्यांची छिद्रे उरली आहेत. अनेकींच्या टाळूवर धातूचा दांडा रोवलेला होता. पक्षी बसू नयेत म्हणून तो असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. एखाद्या शिरोभूषणाचा आधार असावा, असे म्हणणारेही आहेत. मूर्ती उघड्यावर होत्या हे लक्षात घेतले की पहिले उत्तर मला अधिक पटते.

उभी करण्याची रीतही सांगायला हवी, कारण दात्याचे नाव बहुतेक वेळा तिथेच असते. मूर्तीच्या पायाखाली त्याच दगडाचे काही सेंटिमीटर जाडीचे पीठ ठेवलेले असते. बैठकीच्या माथ्यावर त्या आकाराहून किंचित मोठा खड्डा खणायचा, मूर्ती त्यात उतरवायची, ओळंब्यात आणायची आणि भोवतीच्या फटीत वितळलेले शिसे ओतायचे. खड्ड्यात ओल राहिली तर शिसे ओतताच वाफ होऊन ते उसळते, म्हणून आधी कोरडा करून घ्यायचा. शिशाऐवजी नुसता लोखंडी खिळा मारला तर तो गंजून फुगतो आणि शंभर वर्षांनी का होईना, दगड फोडतो. अक्रॉपोलिसवर बैठक म्हणून बरेचदा आख्खा स्तंभ वापरत, मूर्ती त्याच्या माथ्यावर आणि लेख स्तंभावर. मूर्ती पडली की दोन्हींची ताटातूट ठरलेली. आज सत्तरच्या वर कुमारी तिथल्या माहीत आहेत आणि बैठकींचे तुकडेही पुष्कळ आहेत, पण कोणती मूर्ती कोणत्या बैठकीची, हे मोजक्याच ठिकाणी ठरवता आले आहे. त्यांतली एक दोन मीटरच्या वर उंचीची: नेआर्खोसने आपल्या कामाच्या पहिल्या फळातून अथीनाला दिली, एउमारेसचा मुलगा अँटेनॉर याने घडवली. दाता, देवता आणि शिल्पी तिन्ही हाती लागण्याचे भाग्य फार थोड्या मूर्तींना आहे.

लेखात 'शुभ्र संगमरवराचे सौंदर्य' असेही शब्द आले आहेत. या मूर्ती पांढऱ्या नव्हत्या. केस आणि ओठ लाल-तपकिरी, वस्त्रांच्या किनारी निळ्या, हिरव्या, लाल. गेरू, हिंगूळ, अॅझुराइट, मॅलाकाइट आणि तांब्यापासून भाजून केलेला कृत्रिम 'इजिप्शियन निळा' हे रंग सापडले आहेत. अक्रॉपोलिसच्या मूर्तींवर रंग टिकला तो अपघाताने. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजेने टेकडी जाळली, मूर्ती फुटल्या आणि अथेन्सवासीयांनी त्या नव्या तटाच्या भरावात पुरून टाकल्या. उन्हापावसात त्यांना काही दशकेच काढावी लागली. १८८६ साली एरेख्थेइऑन मंदिराच्या वायव्येला एकाच ठिकाणी १४ कुमारी निघाल्या, तेव्हा रंग ताजे होते; उजेडात आल्यावर ते झपाट्याने उडू लागले. स्विस चित्रकार एमिल ज्यिएरों यांनी तेव्हा केलेली जलरंगचित्रे आज पुरावा म्हणून वापरली जातात. आणखी एक घोळ असा की अॅझुराइटचा निळा ओलाव्यात मॅलाकाइटमध्ये बदलतो, म्हणजे हिरवा होतो. आज हिरवे दिसणारे वस्त्र मुळात निळे असू शकते.

उघड्या डोळ्यांना रंग दिसत नसला तरी तपासण्याच्या रीती आहेत. दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की रंगाने झाकलेला भाग आणि उघडा राहिलेला भाग यांच्या झिजेतला फरक सावलीत उमटतो. नक्षीची आखणीही दिसते. इजिप्शियन निळ्यावर तांबडा प्रकाश टाकला तर तो अवरक्त प्रकाश सोडतो आणि तसा कॅमेरा लावल्यास एकेक कण पांढरा चमकतो. जर्मन अभ्यासक फिन्त्सेन्त्स ब्रिंकमान यांनी अशा तपासण्यांवरून 'पेप्लोस' मूर्तीच्या वस्त्रावर प्राण्यांच्या रांगा दाखवल्या आणि ही साधी कुमारी नसून देवी असावी, असा तर्क मांडला. त्यांच्या रंगीत प्रतिकृती काहींना भडक वाटतात. मलाही त्यांच्यातले सपाट रंग पुरते पटत नाहीत. थर, छटा आणि वरून दिलेला मेणाचा हात यांचा अंदाज प्रतिकृतीत येत नाही. पण पांढरा दगड हे त्याहून मोठे असत्य आहे. देवी की कुमारी, हा निर्णय पुष्कळदा वस्त्रावरच्या उडालेल्या नक्षीवर ठरणार असेल, तर रंगाचा उल्लेख टाळून या मूर्तींबद्दल लिहिताच येणार नाही.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी छायाचित्राखाली चार गोष्टी द्याव्यात: कोणी वाहिली, कोणाला वाहिली, कुठे सापडली, दगड कुठला. माहीत नसेल तिथे 'दाता अज्ञात' लिहावे. निकान्द्रेच्या बाबतीत चारही माहीत आहेत. ही मूर्ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, नोंद क्रमांक १. अक्रॉपोलिस संग्रहालयात ती शोधू नये. राष्ट्रीय संग्रहालयात जाणाऱ्या वाचकांनी समोरून छायाचित्र घेऊन पुढे सरकू नये. मूर्तीच्या डाव्या हाताच्या बाजूला उभे राहावे आणि उजेड कडेने येईल अशा बेताने पाहावे. अक्षरे उथळ आहेत, समोरच्या उजेडात ती अजिबात उठत नाहीत.

आपला,
प्राचीन शिल्पकलेचा एक अभ्यासक, पुणे